एनिमाच्या भांड्याची पसंती

कासारखेड शहरात एनिमाचं साहित्य विकत मिळत नाही; ते आधी घर बघायला येतं आणि घर पसंत पडलं तरच राहतं. पद्धत जुनी आहे आणि तिच्याबद्दल कोणाची तक्रार नाही. ज्याला गरज आहे त्याने पेठेतल्या हुपरीकरांच्या औषधाच्या दुकानात नाव सांगायचं, हुपरीकरांनी वार ठरवायचा, घरच्यांनी पोहे करायचे. साहित्य येतं, बसतं, चार प्रश्न विचारतं, बाथरूम बघतं. होकार असला तर तिथल्या तिथे कळतो. नकार असला तर हुपरीकर नंतर फोन करून "योग नव्हता" असं म्हणतात, आणि कोणी फारच खोदून विचारलं तर एखादं बेताचं कारण पुढे करतात.

तीन नकार आले की ते घर नगरपालिकेच्या दवाखान्याकडे वर्ग होतं. यात शिक्षा वगैरे काही नाही. फक्त, मग तो उपचार वॉर्डात होतो.

शालिनी देवकुळे यांच्या घराला दोन नकार येऊन गेले होते.

शालिनीताईंचं पोट कितीतरी महिन्यांपासून अडून बसलं होतं. इसबगोल झालं, एरंडेल झालं, शेजारच्या प्रत्येकीचा एकेक रामबाण उपाय झाला. शेवटी डॉ. बागवान बाईंनी नीट तपासलं आणि सांगितलं, "घाबरण्यासारखं काही नाही. मळ सुकून खाली खडा झालाय. एकदा घरच्या घरी व्यवस्थित एनिमा घ्या. मग भरपूर पाणी, पालेभाजी, आणि सकाळी निवांत बसणं. निवांत हे मी औषध म्हणून सांगतेय, ताई. शनिवारपर्यंत जमलं नाही तर मात्र भरती व्हा. अंगावर काढू नका."

भाजी आणि पाणी मिळण्यासारखं होतं. निवांतपणा कुठून आणायचा हा प्रश्न होता.

देवकुळ्यांच्या घरात शालिनीताई धरून चार माणसं. यजमान पद्माकरराव बँकेतून निवृत्त झालेले. त्यांची धाकटी बहीण प्रमिला, म्हणजे शालिनीताईंच्या वन्सं, शाळेच्या कार्यालयातून निवृत्त झालेल्या. आणि मुलगी मृण्मयी, घरी बसून सी.ए.चा अभ्यास करणारी. तिघंही स्वभावाने चांगली. टाकून बोलणं नाही, मापं काढणं नाही. पण शालिनीताई बाथरूममध्ये शिरल्या रे शिरल्या की या घरात काहीतरी हरवायचंच. गाळणी हरवायची, चष्मा हरवायचा, दूधवाल्याला काय सांगायचं ते हरवायचं. मग दारावर टकटक व्हायची. दाराला कडी नव्हतीच. खिळ्याला गुंडाळायची एक सुतळी होती. शालिनीताई आतून "आले, आले!" म्हणायच्या आणि लुगडं सावरत, म्हणजे आताशा गाऊन सावरत, बाहेर यायच्या. हाकेला ओ द्यायची ही त्यांची माहेरची शिकवण. पोटाचं म्हणाल तर ते मानी असतं. त्याला एकदा परत पाठवलं की ते पुन्हा लवकर दारात येत नाही.

पहिल्यांदा जो आला तो रबरी फुगा. तांबडा, मुठीत मावणारा आणि भारी बोलका. खुंटी नको, नळी नको, दाबलं की झालं, असं त्याचं सारखं चाललं होतं. वन्संना तो उथळ वाटला. "एका दमात सगळं ओतून मोकळा होणारा दिसतोय," त्या म्हणाल्या. त्याचा नकार आल्यावर पद्माकरराव म्हणाले की आपणही नाहीच म्हणणार होतो. अशा वेळी हे सगळेच म्हणतात.

दुसरी सिलिकॉनची पिशवी. घडी घालून येणारी, मऊ बोलणारी, दोन-तीन वर्षं पुण्यात राहून आलेली. ती शालिनीताईंना मनापासून आवडली होती. तिने एक सकाळ राहून बघायचं कबूल केलं. पाणी जेमतेम सुरू होत होतं, तोच पद्माकररावांनी दार वाजवून विचारलं, "अगं, ती गाळणी कुठाय?" शालिनीताई गाळणी देऊन परत आल्या तर पिशवी स्वतःची घडी घालून, चेन लावून, जिन्याच्या पहिल्या पायरीवर बसली होती. हुपरीकरांनी फोनवर कारण सांगितलं, "दारावर टकटक होते म्हणे."

पद्माकररावांना ते फार लागलं. दुसऱ्याच दिवशी त्यांनी बाजारातून स्टीलची भक्कम कडी आणली आणि स्वतःच्या हाताने बसवली. बसली वाकडीच, पण बसली. घरात ठरलं की यापुढे त्या दाराला कोणी बोटही लावायचं नाही.

गुरुवारी संध्याकाळी हुपरीकर तिसरं स्थळ घेऊन आले. ते एनॅमलचं भांडं होतं, पांढरं, निळ्या काठाचं. रबरी नळीचं वेटोळं त्याच्या अंगाशी नीट लावलेलं होतं आणि नळीला पाणी अडवायचा चिमटा होता. चपला काढता काढता हुपरीकर पद्माकररावांच्या कानाशी लागले.

"जुन्या वळणाचं आहे. बरीच वर्षं दुकानात वरच्या फळीवर बसून आहे."

"का बरं? काही दोष?"

"दोष कसला! आजवर त्याने एकाही घराला होकार दिलेला नाही."

पद्माकररावांच्या पोटात गोळा आला. घरातलं एक पोट आधीच अडलेलं असताना ही भलतीच भर.

भांड्याला दिवाणावर, इस्त्रीच्या नॅपकिनवर बसवलं. पोह्यांची बशी रिवाजाप्रमाणे त्याच्यासमोर ठेवली. शालिनीताई समोरच्या खुर्चीत पदर घट्ट धरून बसल्या. त्यांना कुठे बघावं ते कळत नव्हतं. लग्नाच्या वेळी बघायला आले होते तेव्हाही त्या इतक्या घाबरल्या नव्हत्या, कारण तेव्हा नकार आला असता तर त्यांना आनंदच झाला असता.

"खुंटी किती उंचीवर आहे?" भांड्याने विचारलं.

"माणूस खाली आडवं झालं तर हात वर करून पोचेल इतकी," वन्सं म्हणाल्या. त्यांनी पाठ केलं होतं.

"ठीक. पार छताशी असती तर आम्ही आत्ताच उठलो असतो. उंचावरून पाणी जोरात येतं. आमच्याकडे जोर हा गुण मानत नाहीत. पाणी कसलं?"

"उकळून कोमट केलेलं," मृण्मयी म्हणाली. "कोपर बुडवून बघायचं. गरमही लागता कामा नये आणि गारही."

"साबण?"

"नाही."

"लिंबू, कॉफी, कोणी सांगितलेला काढा?"

"छे छे!" पद्माकरराव म्हणाले. वन्संनी मान खाली घातली, कारण काढ्याचं त्यांच्या मनात येऊन गेलं होतं.

"नळीच्या टोकाला?"

"जेली लावायची," मृण्मयी म्हणाली. "आणि वापरून झालं की सगळं गरम पाण्याने धुवायचं, टोक उकळायचं, उलटं टांगून कोरडं होऊ द्यायचं."

सगळं सुरळीत चाललंय असं वाटलं म्हणून पद्माकरराव खुलले, आणि खुललेला माणूस नको ते बोलतो.

"आपण एकदा राहिलात म्हणजे आम्हा सगळ्यांचीच सोय होईल बघा!"

हुपरीकरांनी डोळे मिटून घेतले. मृण्मयीने वडिलांच्या पायावर पाय दिला, पण बाण सुटला होता.

"आम्ही एकाच माणसाचे असतो," भांडं म्हणालं.

"नाही, म्हणजे मी आपलं सहज..."

"घरात टूथब्रश एकच आहे का?"

"चार आहेत."

"मग?"

"चुकलं," पद्माकरराव म्हणाले. त्यांनी हात जोडले. "माफ करा. हिच्याशिवाय कोणी हात लावणार नाही. माझा शब्द."

भांड्याने तो शब्द घेतला की नाही ते कळलं नाही. ते हुपरीकरांकडे वळून म्हणालं, "आम्हाला यांच्याशी एकट्याने बोलायचंय."

हाही रिवाजच. मृण्मयीने भांडं गॅलरीत नेऊन कोरफडीच्या कुंडीशेजारी स्टुलावर ठेवलं आणि दार ओढून घेतलं. खाली रस्त्यावर कोणीतरी स्कूटर सुरू करायचा प्रयत्न करत होतं.

"आपली अपेक्षा काय?" भांड्याने विचारलं.

शालिनीताईंनी उत्तर तयार ठेवलं होतं, प्रकृती, आहार, दिनचर्या असं काहीसं. ऐन वेळी त्यातलं काहीच आठवलं नाही.

"मला वॉर्डात जायचं नाही," त्या म्हणाल्या.

"का?"

"मृण्मयीच्या वेळी तिथेच होते मी. बाळंतपणाआधी एनिमा देतात ना. पडदा होता, पण गुडघ्यापर्यंतच पोचत होता. बाहेर बाकावर सासरे डबा घेऊन बसलेले. आयाबाई व्हरांड्यातून ओरडली, 'देवकुळे, झालं का? मोकळं झालं का पोट?' सासऱ्यांनी मान फिरवली. ते मला दिसलं. मेल्याहून मेल्यासारखं झालं हो मला. तिनं मुद्दाम केलं नसेल, तिला दहा जणी बघायच्या होत्या. पण माझं नाव घेऊन ओरडली ती."

एवढं त्या आजवर कोणाशी बोलल्या नव्हत्या. एका भांड्यासमोर बोलून बसलो याची त्यांना लाज वाटली, आणि बरंही वाटलं.

"आधीची पिशवी का गेली?" भांड्याने विचारलं.

"दारावर टकटक झाली म्हणून."

"तसं कळवलं?"

"हो."

"कळवायचं कारण वेगळं असतं."

"मग खरं कारण काय होतं?"

"ते समोरच्यांना सांगायची पद्धत नाही."

शालिनीताईंना राग आला. इतक्या वेळात पहिल्यांदाच. "सांगायचंच नाही, तर माणसानं सुधारायचं कसं?"

"बहुतेक घरं सुधारत नाहीत. म्हणून तर पद्धत पडली," भांडं म्हणालं. "उद्या सकाळी बघू. जमलं तर राहू. नाहीतर हुपरीकर फोन करतील."

त्या रात्री घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. शालिनीताईंनी गाळणी, चष्मा, चहा-साखरेचे डबे, वन्संच्या गोळ्या, मृण्मयीचा चार्जर, सगळं ओट्यावर ओळीने मांडून ठेवलं. दूधवाल्याला, पेपरवाल्याला, कचरेवालीला काय सांगायचं ते पद्माकररावांकडून वदवून घेतलं. कोणी काही विचारायचं कारणच उरू द्यायचं नाही, असा त्यांचा बेत होता. एक गोष्ट मात्र पद्माकररावांनी हट्टाने ठरवून घेतली. आत काही त्रास झाला, दुखलं, चक्कर आली, तर शालिनीताईंनी मगाने बादली वाजवायची. बादली वाजली की दार तोडायचं. नाही वाजली तर सगळं ठीक.

सकाळी त्यांनी कडी लावली. ती खट्कन बसली. त्या आवाजाने त्यांचाच जीव दडपला.

भांडं खुंटीवर चढलं. जमिनीवर चटई, चटईवर जुना टॉवेल. कोमट पाणी भरून झालं, कोपराने बघून झालं.

"आधी हवा काढा," भांडं म्हणालं. त्यांनी चिमटा सोडून थोडं पाणी बादलीत जाऊ दिलं, नळीतले बुडबुडे गेले, चिमटा पुन्हा लावला. "आता डाव्या कुशीवर. उजवा गुडघा पोटाशी. जेली पुरेशी लावलीत? मग सावकाश. बोटाच्या दोन पेरांइतकं, जास्त नाही. अडलं तर ढकलायचं नाही, श्वास सोडायचा."

शालिनीताईंनी श्वास सोडला. वाटलं होतं तेवढं अवघड ते नव्हतं. चिमटा उघडला. पोटात ऊन ऊन काहीतरी शिरल्यासारखं झालं आणि मग थांबलं.

"पाणी थांबलंय," भांडं म्हणालं.

"चिमटा उघडा आहे."

"चिमट्यामुळे नाही थांबलेलं."

बाहेर संपूर्ण शांतता होती. अशी शांतता त्या घराने कधी पाहिली नव्हती. फ्रिजची घरघर ऐकू येत होती. वन्सं चप्पल हातात घेऊन अनवाणी चालत होत्या, तेही ऐकू येत होतं. मृण्मयीने पान उलटलं. पद्माकरराव खोकला दाबत होते, आणि तो दाबलेला खोकला सुटलेल्या खोकल्यापेक्षा मोठा होता. शालिनीताई आडव्या होत्या आतमध्ये, पण कान दाराबाहेर जाऊन स्वयंपाकघरात उभे होते.

"कशाची वाट बघताय?" भांड्याने विचारलं.

"हाकेची," त्या म्हणाल्या, आणि स्वतःच चपापल्या.

पाणी तसूभर हललं नव्हतं. पोट दगडासारखं झालं होतं. हे स्थळ गेलं तर उद्या शनिवार. पडदा, बाक, व्हरांडा. त्यांनी डोळे घट्ट मिटले. जितकं सैल सोडायला जावं तितकं अंग आवळत होतं.

तेवढ्यात दारावरची बेल वाजली.

"सिलिंडर!" जिन्यातून आवाज आला.

गॅसवाला यायचा होता पुढच्या आठवड्यात. त्याचा विचार शालिनीताईंनी केलेला नव्हता. घरातला सिलिंडर कालपासून अखेरचे आचके देत होता. दार उघडल्याचा आवाज आला, मग कुजबूज.

"काका, कोड सांगा. मॅडमच्या मोबाईलवर आलाय."

"मोबाईल इथेच आहे. पण कुलूप आहे त्याला."

"बाबा, माझी जन्मतारीख टाकून बघा."

"टाकली. नाही लागत."

"दादा, तुमच्या लग्नाची तारीख?"

"कुठली गं ती? मे महिना होता हे नक्की."

शालिनीताईंच्या ओठांवर मोबाईलच्या कुलपाचे चार आकडे येऊन बसले. काय मोठं? चार आकडे, पडल्या जागेवरून सांगायचे. एका मिनिटाचं काम. पावलं दाराशी आली. थांबली. मग टकटक झाली. घरात ठरलेलं, नवी कडी, सगळं त्या टकटकीत वाहून गेलं.

"शालू?"

खुंटीवरचं भांडं किंचित वर उचललं गेलं. नळी ताणली.

"आता सांगायला हरकत नाही," भांडं हळू आवाजात म्हणालं. "पिशवी टकटकीमुळे गेली नाही. घर म्हटलं की टकटक असतेच. टकटकीला तुम्ही 'आले' म्हणालात, म्हणून ती गेली. फुगाही त्याचमुळे गेला. त्याच्याशी बोलता बोलता तुम्ही सारख्या आत उठून जात होतात."

"मग मी काय करू?" शालिनीताई कुजबुजल्या.

"ते आम्ही सांगत नाही. आम्ही पाण्याचं भांडं आहोत."

"शालू, अगं चार आकडे फक्त सांग," बाहेरून पद्माकरराव म्हणाले. "तो थांबत नाहीये."

"आले" हा शब्द शालिनीताईंच्या घशात येऊन उभा राहिला. तो नुसता शब्द नव्हता, चाळीस वर्षांची सवय होती. त्यांनी टॉवेलचं टोक दातांत धरलं. आपण वाईट बाई आहोत असं त्यांना अगदी स्पष्ट वाटलं. दारापलीकडे आपलंच माणूस अडलंय, आणि आपण ऐकून न ऐकल्यासारखं करतोय. आईने पाहिलं असतं तर काय म्हटलं असतं?

"वहिनी?" वन्संचा आवाज.

"आई?"

तिघांच्या तीन हाका झाल्या. त्यांनी एकीलाही ओ दिली नाही. मग पद्माकररावांचा आवाज बदलला.

"शालू, बरी आहेस ना गं?"

ही हाक सगळ्यांत कठीण होती. हिच्यात गाळणी नव्हती, कोड नव्हता, काहीच मागणं नव्हतं. शालिनीताईंचे डोळे भरून आले. वाजवायचा मग हाताशीच होता, बादली त्याच्याशेजारी होती. त्या मगाकडे बघत राहिल्या. दुखत नव्हतं. चक्कर नव्हती. त्रास कसलाच नव्हता. त्यांनी हात तसाच छातीशी धरून ठेवला. भांडं अधांतरी थांबून त्यांच्याकडे बघत होतं.

"दार तोडू का?" पद्माकरराव बाहेर म्हणत होते. "मृण्मयी, तो हातोडा आण."

"दादा," वन्सं म्हणाल्या, "बादली वाजली नाही."

हातोडा आणायला निघालेली पावलं थांबली.

"म्हणजे?"

"म्हणजे बरी आहे वहिनी. तुम्हीच ठरवलंत ना तसं?"

"अहो काका," गॅसवाला जिन्यातून ओरडला, "अर्धी गाडी वाटायचीय मला अजून. कोड द्या, नाहीतर परत नेतो. मग नव्याने नंबर लावा. आठ-दहा दिवस कुठे गेले नाहीत."

पद्माकरराव दाराला टेकून उभे होते. लाकडाच्या पलीकडून त्यांचा श्वास शालिनीताईंना ऐकू येत होता. या माणसाने आयुष्यात कधी काही परत पाठवलं नव्हतं. बिघडलेला पंखासुद्धा त्यांनी माळ्यावर ठेवला होता. आता ते पुन्हा हाक मारणार, आणि या वेळी आपल्याच्याने राहवणार नाही, हे शालिनीताईंना पक्कं ठाऊक होतं.

"परत न्या," पद्माकरराव म्हणाले.

"अहो, मॅडम आत आहेत म्हणालात ना?"

"आहे आत. पण ओ देणार नाही."

"का?"

"तिचं काम चाललंय."

गॅसवाल्याचा आवाज खाली आला. "एनिमाचं भांडं आलंय का? मग आधी सांगायचं ना, काका. आमच्याकडे मागल्या साली एक येऊन गेलं. आमची म्हातारी गप्प बसेना, राहिलं नाही ते." आणि त्याने सिलिंडर पुन्हा खांद्यावर न घेता जिन्यावर सोडला. तो एकेका पायरीवर खणखण आपटत खाली जाऊ लागला.

पहिल्या पायरीला शालिनीताईंच्या दातांतला टॉवेल सुटला. पुढच्या पायरीला खांदे सैल झाले. भरलेला सिलिंडर, आठ-दहा दिवसांचा स्वयंपाक, दारातून परत चालला होता, आणि तो त्यांच्यासाठी चालला होता. असं काही कोणी त्यांच्यासाठी आजवर जाऊ दिलं नव्हतं. तळमजल्यावरचा शेवटचा खणखणाट झाला तेव्हा भांडं खुंटीवर परत टेकलं होतं आणि त्यातलं पाणी खाली, खाली चाललं होतं.

"श्वास सोडत राहा," भांडं म्हणालं. "कळ आली तर चिमटा लावून थांबायचं. घाई नाही."

घाई नव्हती. त्या थांबल्या, पुन्हा सोडलं, पुन्हा थांबल्या. पाणी संपलं. त्या तशाच कुशीवर पडून राहिल्या, जमेल तेवढा वेळ, आणि मग उठून बसल्या. पुढच्या गोष्टीचं वर्णन करण्यात अर्थ नाही. ज्यांचं पोट कधी अडलेलं नाही त्यांना ती समजणार नाही आणि ज्यांचं अडलेलं आहे त्यांना सांगायला नको. शालिनीताई रडल्या, आणि रडता रडता त्यांना हसू आलं. कितीतरी महिन्यांनी त्यांचं अंग त्यांचं एकटीचं झालं होतं.

मग त्यांनी सगळं रीतसर केलं. बादलीतल्या गरम पाण्याने भांडं धुतलं, नळीतून पाणी सोडून ती झटकली, टोक उकळायला वेगळ्या वाटीत काढून ठेवलं.

"हुपरीकर फोन करणार नाहीत," भांडं म्हणालं.

"म्हणजे?"

"पसंत आहे."

त्या नुसत्या मान हलवत राहिल्या. "पण रोज नाही हं," थोड्या वेळाने त्या म्हणाल्या. "डॉक्टरीणबाईंनी बजावलंय. सवय लावायची नाही."

"लावूच नये. आम्ही टांगलेले राहू. तुम्ही मात्र रोज येऊन बसत जा."

"बसून करायचं काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

त्यांनी भांडं उलटं करून खुंटीला लावलं, हात धुतले, गाऊनच्या बाहीने डोळे पुसले आणि कडीला हात घातला. बाहेर पद्माकरराव दारापाशीच होते. त्यांनी हाक मारली नाही, काही विचारलं नाही. भिंतीला पाठ घासत ते खाली बसल्याचा आवाज आला. गुडघे कडकड वाजले. दाराच्या फटीतून त्यांची सावली आत आली आणि तिथेच राहिली.

शालिनीताईंनी कडीवरचा हात काढून घेतला. बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसल्या. काम काहीच उरलं नव्हतं. त्यांनी पाय लांब केले.

"शालिनीवहिनी!" समोरच्या गॅलरीतून बर्वेबाईंची हाक आली. "अहो शालिनीवहिनी, जरा विरजण द्याल का?"

त्या हाकेची वाट शालिनीताईंनी पाहिलेली नव्हती, त्यामुळे ती त्यांच्यापर्यंत फारशी पोचलीच नाही.

"ती घरी नाही," दाराबाहेर बसलेले पद्माकरराव ओरडून म्हणाले.

"अगंबाई! सकाळी सकाळी कुठे गेल्या?"

"ते काही बोलली नाही."

"येतील कधी?"

पद्माकररावांनी थोडा विचार केला. "घाई नाहीये तिला," ते म्हणाले.

आत उलट्या भांड्यातून उरलेलं पाणी थेंब थेंब बादलीच्या बुडावर, शालिनीताईंच्या शेजारी पडत होतं. त्या जरा सरकून बसल्या.